गाडीला कोणते इंजिन ऑइल घालावे आणि ते केव्हा बदलावे

आपल्याकडे ऊन फार, म्हणून इंजिनात जाड ऑइल घालावे, ही समजूत इतकी मुरलेली आहे की गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे स्पष्ट छापलेले असूनही अनेक मालक गॅरेजमधल्या शब्दावर २०डब्ल्यू-५०चा, म्हणजे बऱ्याच जाड ऑइलचा, डबा उघडू देतात. यात कोणाचा खोटेपणा असतोच असे नाही. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर रस्त्यावर होत्या त्या काळात हा सल्ला बरोबरच होता. त्या इंजिनांच्या भागांमधल्या फटी आजच्यापेक्षा मोठ्या होत्या आणि तेव्हाचे ऑइल तापले की फार पातळ होई, त्यामुळे उन्हाळ्यात जाड ऑइल घालणे शहाणपणाचे ठरे. पुढे इंजिने बदलली, ऑइल बदलले. तो सल्ला मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे तसाच येत राहिला.

आजच्या इंजिनाला बाहेरच्या उन्हाचा उपद्रव आपल्याला वाटतो तेवढा होत नाही. कूलिंगच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते आणि ती रेडिएटरकडे किती पाणी जाऊ द्यायचे हे ठरवते. चंद्रपूरचा मे महिन्यातला ४५ अंशांचा उकाडा असो की महाबळेश्वरची थंडीतली पहाट, इंजिन एकदा तापले की हे पाणी साधारण ९० अंशांच्या आसपास राखले जाते आणि खालच्या चेंबरमधले ऑइल बहुतेक वेळ ९० ते ११० अंशांच्या पट्ट्यात राहते. भरलेली गाडी एसी लावून घाट चढत असेल तर ते आणखी तापते, हे खरे; पण इंजिनाचे आरेखन करणाऱ्यांनी तेवढी सोय आधीच धरलेली असते. म्हणून ऑइल निवडताना हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा गाडीच्या पुस्तिकेचे पान महत्त्वाचे ठरते.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे वळू. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेने इंजिन ऑइलची जाडीनुसार प्रतवारी १९११ साली सुरू केली आणि तीच सुधारत सुधारत आजवर आली आहे. जाडी म्हणजे वाहण्याला होणारा विरोध. शास्त्रीय परिभाषेत तिला श्यानता म्हणतात आणि ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. खोलीच्या तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंश तापमानाला ऑइल किती जाड असेल ते सांगतो: ३० ग्रेडचे ऑइल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान हवे. २० ग्रेडसाठी हीच हद्द ६.९ ते ९.३ आहे, ४०साठी १२.५ ते १६.३ आणि ५०साठी १६.३ ते २१.९. म्हणजे तापलेले ३०चे ऑइलसुद्धा पाण्याच्या सुमारे दहापट जाड असते. ‘पाण्यासारखे ऑइल’ ही पातळ ऑइलविषयीची तक्रार ऐकली की हा आकडा आठवावा.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असतो. डब्ल्यू हे विंटर या शब्दाचे आद्याक्षर आहे. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांनासुद्धा इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल सैल राहते, आणि २०डब्ल्यूची हीच चाचणी उणे १५ अंशांना होते. हे वाचून कोणीही विचारेल की नागपुरात किंवा पणजीत उणे ३० कुठून येणार, मग या आकड्याचे आपल्याला काय? मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण इंजिनाच्या दृष्टीने ‘थंड’ म्हणजे ९० अंशांच्या बऱ्याच खाली असलेले कोणतेही तापमान. ४० अंशांना सामान्य ५डब्ल्यू-३० ऑइलची श्यानता ६० ते ७० सेंटिस्टोक असते, ०डब्ल्यू-२०ची सुमारे ४० ते ४५, आणि २०डब्ल्यू-५०ची १५० च्याही पुढे. याचा अर्थ असा की ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी, सावलीत उभी असलेली गाडी सुरू करतानाही ३०चे ऑइल तापलेल्या अवस्थेच्या सुमारे सहापट जाड असते. इंजिनाची झीज होण्याचा मोठा धोका याच वेळी असतो, कारण रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल खाली निथळलेले असते आणि पंपाला ते पुन्हा वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचवायचे असते. ऑइल जेवढे सैल तेवढे ते लवकर पोहोचते. माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी पुस्तिकेतल्या ५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० भरले गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करताना इंजिनाच्या वरच्या बाजूने काही सेकंद जो खडखडाट आला तो आधी कधीच नव्हता, आणि योग्य ऑइल भरल्यावर तो थांबला. तेव्हापासून मी डबा माझ्या डोळ्यांसमोर उघडायला सांगतो.

जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून तो कुठे चुकतो ते नीट पाहिले पाहिजे. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि तिच्या बेअरिंगमधली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. शाफ्ट फिरू लागली की ती ऑइलला त्या फटीत ओढून घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगते. धातू धातूला लागत नाही. हे ऑइल बेअरिंगला आधार देते आणि तिथली उष्णता वाहूनही नेते. ते गरजेपेक्षा जाड असेल तर फटीतून कमी वाहते, स्वतःच्या घर्षणाने जास्त तापते आणि इंधनही जास्त खाते. शिवाय आधुनिक इंजिनात ऑइलकडे वंगणाखेरीज इतरही कामे आहेत. झडपांची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि टायमिंग चेनचा ताण राखणारा टेन्शनर अनेक गाड्यांत त्याच दाबावर असतो. ही सगळी यंत्रणा ठरावीक जाडीचे ऑइल गृहीत धरून बनवलेली असते. हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो: ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-४० सांगितले आहे त्यात मायलेज वाढेल म्हणून ०डब्ल्यू-१६ घालणे अधिक घातक आहे, कारण तिथे थरच तुटू शकतो. काही पुस्तिकांमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड आणि त्यांच्यासाठी बाहेरच्या तापमानाचा तक्ता दिलेला असतो. तसा तक्ता असेल तर उष्ण भागात राहणाऱ्याने, लांब प्रवास आणि घाट जास्त असलेल्याने त्यातली वरची ग्रेड निवडायला हरकत नाही. जुने, बऱ्यापैकी झिजलेले इंजिन ऑइल पीत असेल तर एक पायरी जाड ऑइल हा तात्पुरता उपाय म्हणून मी मान्य करीन, पण तेही पुस्तिकेने परवानगी दिलेल्या ग्रेडपैकीच.

ग्रेडकडे सगळे पाहतात. तिच्याशेजारी छापलेल्या दर्जाच्या अक्षरांकडे फार थोडे पाहतात, आणि खरी फसगत तिथे होते. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेले असले तरी त्यांतले ऑइल सारखे असेलच असे नाही, कारण ग्रेड फक्त जाडी सांगते. ऑइलचा मोठा भाग मूळ तेलाचा असतो आणि उरलेल्यात मळ धुणारी, काजळी तरंगत ठेवणारी, झीज रोखणारी, आम्ल मारणारी रसायने मिसळलेली असतात. त्यांचा दर्जा अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे एपीआयच्या अक्षरांतून कळतो. पेट्रोल इंजिनांसाठी ही अक्षरे एसपासून सुरू होतात आणि दुसरे अक्षर वर्णमालेत जेवढे पुढचे तेवढा दर्जा नवा. एसएन २०१० मध्ये आला, एसपी २०२० मध्ये आणि एसक्यू २०२५ मध्ये. पुस्तिकेत एसएन लिहिले असेल आणि ग्रेड तीच असेल तर एसपी खुशाल चालतो. उलटे चालत नाही. यामागचे एक कारण जाणून घेण्याजोगे आहे. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत (टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारा पंखा), जिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, कमी वेगात जोर लावला असता ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटण्याचा प्रकार आढळला, आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या मळ धुणाऱ्या कॅल्शियमच्या रसायनांचा त्यात हात असल्याचे दिसल्यावर ती रचना बदलण्यात आली आणि एसपी दर्जात या धोक्याची चाचणी समाविष्ट झाली. ज्यांची गाडी टर्बो पेट्रोल आहे त्यांनी एसपीपेक्षा जुना डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

डिझेल गाड्यांचे प्रकरण याहून कडक आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. त्यात अडकलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकता येते, परंतु ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची जी राख उरते ती जळत नाही. ती साठत जाऊन फिल्टर कायमचा तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च अनेक वर्षांच्या ऑइलपेक्षा जास्त येतो. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. युरोपीय एसीईए मानकात हा गट सी या अक्षराने ओळखला जातो, जसे सी२ किंवा सी३. जुन्या डिझेल गाडीसाठी आणून उरलेला १५डब्ल्यू-४०चा डबा नव्या डिझेलमध्ये रिता करण्याचा मोह टाळावा. तसेच गाडीचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्येही घालू नये, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि गाडीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू लागतो.

मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि सिंथेटिक यांतून काय घ्यावे, हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, पण त्याचे उत्तर छोटे आहे. मिनरल ऑइल कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले असते. सिंथेटिक म्हणून विकले जाणारे बरेचसे ऑइलही कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनच्या साहाय्याने रेणूंची फेररचना करून बनवलेले असते, आणि काही ऑइल खरोखर रसायनांपासून जोडून तयार केलेले असते. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकते आणि तापमान बदलले तरी त्याची जाडी कमी बदलते. ०डब्ल्यूची ग्रेड मिनरल तेलातून साधतच नाही. त्यामुळे पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० सांगितले असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. ५डब्ल्यू-३० असेल तर टर्बो गाडीला सिंथेटिकच द्यावे, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगपाशी ऑइल भाजून निघते. साध्या पेट्रोल गाडीला योग्य दर्जाचे, वेळेवर बदललेले सेमी-सिंथेटिक पुरते. महागडे ऑइल घालून ते दुप्पट काळ चालवण्यापेक्षा मध्यम किमतीचे ऑइल वेळेवर बदलणे मला केव्हाही बरे वाटते.

आता बदलण्याच्या वेळेचा विषय, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत दिलेली असते. काहींना १५,००० किलोमीटरची असते. पण किलोमीटर हे फक्त मोजायला सोपे म्हणून निवडलेले माप आहे. ऑइल थकते ते तापून, मिसळलेल्या इंधनाने, पाण्याने आणि काजळीने. रस्ता किती सरला याचा त्याला थेट काही हिशेब नसतो. एक उदाहरण घेऊ. पुण्यात हिंजवडीला रोज गाडीने जाणाऱ्या व्यक्तीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर १०,००० किलोमीटर होईपर्यंत तिचे इंजिन ५०० तास चाललेले असते. कामानिमित्त पुणे-कोल्हापूर फेऱ्या करणाऱ्याचा सरासरी वेग ताशी ६० धरला, तर त्याच अंतराला सुमारे १६७ तास लागतात. दोघांच्या गाडीवर सारखेच किलोमीटर दिसतात, पण पहिल्याच्या ऑइलने तिप्पट काम केलेले असते, तेही सिग्नलवर उभे राहून, जिथे हवा कमी लागते आणि इंजिनाखालची उष्णता बाहेर पडत नाही. बऱ्याच पुस्तिकांमध्ये ‘खडतर वापर’ या नावाखाली वेगळा तक्ता असतो आणि त्यात तुंबलेली वाहतूक, धूळ, सतत घाट आणि छोटे प्रवास यांसाठी मुदत बरीच कमी केलेली असते. मुंबई-पुण्याच्या रोजच्या वाहतुकीत चालणारी गाडी खडतर वापरातच मोडते, असे मी निःसंकोच म्हणेन. अशा गाडीचे ऑइल १०,००० ऐवजी ६,००० ते ७,००० किलोमीटरला बदलणे योग्य.

सगळ्यात फसवी असते ती फारच कमी चालणारी गाडी. एखादे निवृत्त दांपत्य मंडई, दवाखाना आणि देवळापुरती गाडी काढते, दर वेळी दोन-तीन किलोमीटर, आणि वर्षाकाठी जेमतेम २,००० किलोमीटर होतात. ‘गाडी चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचे,’ हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे. पण एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, तरी थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते आणि तिच्याबरोबर न जळलेले पेट्रोलही. ऑइल पुरेसे तापले तर हे दोन्ही उडून जाते. तापमानाचा काटा मध्यावर आला की ऑइलही तापले असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते कूलिंगच्या पाण्याच्या बरेच मागे असते आणि त्याला पूर्ण तापायला दहा-पंधरा मिनिटांचा सलग प्रवास लागतो. दोन किलोमीटरच्या फेरीत तेवढा वेळ कधीच मिळत नाही, म्हणून पाणी आणि पेट्रोल साठत राहतात, आम्ल तयार होते आणि पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसू लागते. फक्त झाकणाखालची साय छोट्या फेऱ्यांची खूण असते, पण डिपस्टिकवरचे, म्हणजे पातळी पाहायच्या पट्टीवरचे, सगळे ऑइलच दुधी दिसले तर कूलिंगचे पाणी आत शिरत असण्याची शक्यता असते आणि गाडी तशीच चालवू नये. कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल वर्षातून एकदा बदलावेच, आणि आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्यावे.

सीएनजीवर चालणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. गॅस जळताना काजळी फारशी होत नाही आणि ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत नाही, त्यामुळे डिपस्टिक पुसली की ऑइल मधासारखे स्वच्छ दिसते आणि बदलण्याची घाई वाटत नाही. परंतु गॅसच्या ज्वलनातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि उष्णता यांमुळे ते आतून जाड होत जाते, आणि ते रंगावरून कळत नाही. उलट डिझेलचे ऑइल बदलल्यापासून काहीशे किलोमीटरांतच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. रंगावरून ऑइलचा निकाल लावू नये, मग तो काळा असो की सोनेरी.

पातळी मात्र महिन्यातून एकदा स्वतः पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना हे पाहावे. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुधा एक लिटरच्या आसपास अंतर असते. कमी असेल तर त्याच ग्रेडचे, त्याच दर्जाचे ऑइल थोडे थोडे घालावे. कंपनी वेगळी असली तरी अडीअडचणीला चालते, कारण एपीआयचा परवाना असलेली ऑइले एकमेकांत मिसळतील अशीच असावी लागतात. वरच्या खुणेच्या पुढे कधीही जाऊ नये, कारण क्रँकशाफ्ट त्या ऑइलला घुसळते, फेस होतो, आणि फेसाचा थर भार पेलू शकत नाही. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ती विशेष काळजीची खूण आहे: फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी जास्तीचे डिझेल फवारले जाते, छोट्या फेऱ्यांमुळे ते काम अर्धवट राहते आणि डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. असे दिसताच, मुदतीची वाट न पाहता, ऑइल बदलावे.

बदलताना फिल्टर दर वेळी नवा घ्यावा आणि ड्रेन नटाखालचा वॉशरही. पुस्तिकेत लिहिलेले माप सोबत ठेवावे. छोट्या पेट्रोल गाडीत फिल्टरसह साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल मावते आणि ‘चार लिटरचा डबा आहे, सगळाच ओततो’ असे म्हणणाऱ्याला थांबवावे लागते. भरलेल्या ऑइलची ग्रेड, दर्जा, तारीख आणि किलोमीटर बिलावर लिहून घ्यावेत. वॉरंटीच्या वादात हेच बिल उपयोगी पडते. रिकामा डबा परत मागून घ्यावा आणि तो टाकण्यापूर्वी कापावा, कारण अखंड डबे पुन्हा भरून बनावट ऑइल म्हणून विकले जातात.

निथळलेल्या ऑइलचे काय होते, हेही गॅरेजमध्ये विचारावे. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. नोंदणीकृत संकलकाकडे गेले तर ते शुद्ध होऊन पुन्हा मूळ तेल म्हणून वापरात येऊ शकते. घरी स्वतः बदलणाऱ्यांनी ते झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी किंवा कूलंट न मिसळता साठवावे आणि असे संकलन करणाऱ्या गॅरेजला द्यावे. गटारात, विहिरीजवळ किंवा अंगणातली धूळ बसावी म्हणून जमिनीवर ते कदापि ओतू नये.